‘पळय’ म्हटलं की पळू नका

नाशिकहून दहा-बारा जणांचे गट घेऊन गोव्यात येणाऱ्या एका तरुण टूर लीडरने विचारलं आहे: “कधी मराठी कुटुंबं असतात, कधी परदेशी पाहुणे, कधी दोन्हींची खिचडी. गावात नेलं की पाहुणे एका बाजूला, गावकरी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मी. वातावरण मोकळं व्हावं म्हणून विनोद सांगतो. निम्म्यांना कळत नाहीत, आणि मागच्या खेपेला तर एक बाई रागावून बसमध्ये जाऊन बसल्या. ताई, सगळ्यांना चालतील असे कोणते विनोद सांगावेत? आणि काही पाहुणे कशालाच हसत नाहीत, त्यांचं काय करायचं?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कोणतेच सांगू नका.

मी गोव्यातल्या माशेल गावची. गाइडचा बिल्ला १९९९ साली गळ्यात पडला, तेव्हा माझ्याकडे एक वही होती. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. डाव्या पानावर विनोद आणि उजव्या पानावर तो कोणाला चालतो त्याची नोंद: इंग्रजांना, जर्मनांना, गुजरात्यांना, बंगाल्यांना. दहा वर्षं मी ती वही बाळगली. आज ती माळ्यावर आहे. का, ते सांगते.

जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकेत गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर ते वारले, १५५४ साली शव गोव्यात आलं, आणि दर्शनाच्या गर्दीत एका पोर्तुगीज बाईने पायाचं चुंबन घेता घेता एक बोटच चावून नेलं, अशी कथा सांगतात. ही कथा सांगून झाली की मी त्या बाईच्या भुकेवर एक वाक्य टाकायची. हमखास हशा. त्या दिवशीही झाला. मागे वळून पाहिलं तर मंगळूरकडचं एक कुटुंब उभं होतं. आजीच्या हातात जपमाळ. आजी काहीच बोलल्या नाहीत. नातवाचा हात धरला आणि माझ्यापासून दोन पावलं लांब सरकल्या. बस, दोनच पावलं. माझ्या गटाला हसू आलं आणि माझं हसं झालं.

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आपलं नशीब. हसू आणि हसं. तुमच्या धंद्यातला निम्मा पेच या एका मात्रेत आहे.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे एक अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाजारात, कॉलेजच्या आवारात, रस्त्याच्या कडेला उभं राहून लोक नेमके कधी हसतात याच्या सुमारे १२०० नोंदी केल्या. विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेलं हसणं त्यांत शंभरात वीससुद्धा भरलं नाही. बाकीचं सगळं “अरे, तू इथे कसा?”, “बरं, येतो मी” असल्या बिनमिठाच्या वाक्यांवर. त्यांचा दुसरा आकडा आणखी कामाचा: माणूस एकटा असताना जेवढा हसतो, त्याच्या साधारण तीसपट चारचौघांत हसतो. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. वहीसाठी.

आता एक प्रसंग. माशेलजवळ कुंभारजुव्याचा कालवा आहे, मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडणारा. त्यात मगरी आहेत, खऱ्या, आणि त्या बघायला होड्या जातात. काही वर्षांपूर्वी सातारकडचे सहा जण आणि नेदरलँड्सचं एक जोडपं असा गट होता. होडीवाले काका साठीच्या पुढचे, तोंडात विडी, बोलणं मोजकं. आम्ही अजून काठावरच होतो. काका होडीची दोरी सोडता सोडता एकदम थांबले, समोरच्या खाजणाच्या बांधाकडे बोट केलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, “पळय, पळय! मानगें!”

कोंकणीत ‘पळय’ म्हणजे बघ. मानगें म्हणजे मगर. पण सातारच्या माणसाला ‘पळ’ म्हणजे पळच. त्यात काका दबक्या आवाजात बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर. गटातले एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले, अंगाने भरलेले, असे काही पळाले की एक चप्पल चिखलात रुतून राहिली आणि ते दुसरीवर वीस पावलं गेले. त्यांना पाहून बायको पळाली, मागोमाग बाकीचे. बायकोला पाहून डच जोडपं पळालं, कारण समजूतदार माणूस स्थानिकांबरोबर पळतो. काठावर राहिलो मी आणि काका. काकांना कळेना, मगर पलीकडच्या काठावर उन्हात पडली आहे आणि हे लोक मोटारीकडे का धावताहेत.

मी काकांना मराठीतला ‘पळ’ समजावून सांगितला. त्यांनी विडी काढून हातात धरली. आधी खांदे हलले. मग ते काठावरच्या दगडावर बसले आणि डोळे पुसायला लागले. तोवर गृहस्थ परत आले होते, एका पायात चप्पल, दुसरा चिखलाने माखलेला. त्यांना उलगडा झाला तसे तेही हसायला लागले. डच बाईला इंग्रजीत सांगेपर्यंत ती आधीच हसत होती. कशावर, हे तिला माहीत नव्हतं. त्यानंतरच्या दोन तासांत काकांनी आम्हाला नेहमीच्या फेरीपेक्षा बरंच पुढे नेलं. खारफुटीत किंगफिशर कुठे बसतो ते दाखवलं. खाजणशेतीचे बांध, भरतीचं खारं पाणी अडवणारी दारं म्हणजे मानशी कशा चालतात, हे सांगितलं. एरवी हे मी सांगते आणि कोणी ऐकत नाही. उतरताना काकांनी गृहस्थांची रुतलेली चप्पल धुऊन त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, “पळय, पळय!” या वेळी कोणी पळालं नाही.

या प्रसंगात मी काय केलं? एका शब्दाचा अर्थ सांगितला. हसण्याचा माल मी आणला नव्हता. आणि पहिल्यांदा हसले ते काका. हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. पर्यटनाच्या धंद्यात गावचा माणूस कायम खालच्या पायरीवर असतो: होडी वल्हव, नारळ सोल, ताट वाढ, फोटोला उभा राहा. पाहुणा पैसे देतो आणि म्हणून तो मोठा. पण पाहुणा ज्या क्षणी भाषेत घसरतो, चिखलात घसरतो, माशाच्या काट्याशी झटतो, त्या क्षणी गावचा माणूस जाणता होतो आणि पाहुणा पोर. काका मोठे झाले म्हणून हसले, आणि त्यांना हसू दिलं म्हणून मोकळे झाले. ज्याचं घर त्याचं पहिलं हसू. हा एवढा एकच नियम मी पाळते.

तेव्हा तुमचं काम विनोद सांगण्याचं नाही. पाहुण्याला सुखरूप घसरता येईल अशी जागा शोधण्याचं आहे. मराठी पाहुण्यांच्या बाबतीत तर गोवा म्हणजे अशा जागांची खाण आहे, कारण कोंकणी आपल्याला कळते असं प्रत्येकाला वाटतं आणि ती बरोबर नको तिथे कळत नाही.

‘नुस्तें’ घ्या. कोंकणीत नुस्तें म्हणजे मासे. घरमालकीण खिन्न होऊन सांगते, “आयज नुस्तें ना.” पाहुणा म्हणतो, “नुसतं नको हो, सोबत काहीतरी असू दे.” ‘राव’ घ्या. पुण्याचा माणूस उठता बसता “चला राव” म्हणतो. कोंकणीत ‘चल’ म्हणजे चाल आणि ‘राव’ म्हणजे थांब. पणजीच्या मार्केटात असं म्हणत निघालेल्या एका पाहुण्याला कोळणीने विचारलं होतं, “एक काय तें सांग, चलूं काय रावूं?” ‘नाका’ म्हणजे नको, वाटेत कुठलाही नाका नसताना लोक “नाका, नाका” म्हणताना ऐकून आपला माणूस पोलीस शोधतो. ‘चेडूं’ म्हणजे मुलगी, आणि आपल्याकडे चेंडू म्हणजे काय ते तुम्ही जाणता. “राव मरे” हे ऐकून तर कित्येक मराठी पाहुणे दचकतात. त्या ‘मरे’त मरण नाही, निव्वळ ‘अरे बाबा’ आहे.

माझा सगळ्यात आवडता मात्र ‘पाय’. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत वडिलांना पाय म्हणतात, पोर्तुगीजमधून आलेला शब्द. आजोबा शापाय, आजी शामाय. शरीराचा तो पांय, अनुस्वार घेऊन, नाकात. पणजीतल्या फोंतेन्यासमध्ये एका घरी उतरलेल्या सोलापूरच्या आजींनी दिवसभर फिरून आल्यावर घरमालकिणीला सांगितलं, “बाई गं, माझे पाय फार दुखतायत.” मालकीण धावत बाहेर आली, अंगणात पाहिलं, आत पाहिलं आणि काळजीने मला म्हणाली, हिचे पाय बरोबर आले आहेत हे तू सांगितलं नाहीस, त्यांना कुठे ठेवलंय? सत्तरीतल्या आजींचे वडील! अनुस्वार सापडल्यावर त्या दोघी पायरीवर बसून इतक्या हसल्या की आजींचे पाय दुखायचे थांबले. निदान त्या तसं म्हणाल्या.

हे शब्द पाहुण्यांना आधीच पाठ करून देऊ नका. यादी वाटलीत तर गंमत गेली. त्यांना नीट वापरता येतील असे तीनच शब्द द्या: ‘देव बरें करूं’ (हा आमचा धन्यवाद), ‘बरें’ (बरं) आणि ‘कितें’ (काय). बाकी घसरू द्या.

आता जिथे घसरलं तर लागतं त्या जागा. पहिली, भाषेचीच. “कोंकणी म्हणजे आपल्या मराठीचीच बोली ना?” असं आपले लोक हसत हसत, प्रेमाने म्हणतात, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचं हसू दिवा मालवावा तसं जातं. १६ जानेवारी १९६७ ला इथे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर जनमत कौल झाला होता, आणि गोव्याने नको म्हटलं. १९८७ ला कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा मिळाली. १९९२ ला कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्या प्रत्येक तारखेमागे घराघरांत भांडणं झाली आहेत, आमच्याही. आमच्या घरात अभंग मराठीत, वर्तमानपत्र मराठी आणि भांडण कोंकणीत. मला विचाराल तर यातली एकही गोष्ट सोडायची नाही. पण या विषयावर बाहेरच्या माणसाने गंमत करू नये. सुनेने सासू-नणंदेच्या भांडणात विनोद करावा तसं ते होतं.

दुसरी जागा म्हणजे नक्कल. हिंदी सिनेमांनी वर्षानुवर्षं गोव्याचा ख्रिस्ती माणूस दाखवला तो बाटली हातात घेतलेला आणि प्रत्येक वाक्याला ‘मॅन’ लावणारा. मराठी गट टॅव्हर्नात, म्हणजे इथल्या दारूच्या गुत्त्यात, बसला की कोणीतरी ते सुरू करतंच. टॅव्हर्नाचा मालक हसतो. ते हसणं नीट बघा: ओठ हसतात, हात काउंटर पुसत राहतो. गिऱ्हाइकासाठीचं हसणं आहे ते. जगभरातल्या २४ समाजांत एक प्रयोग झाला होता, २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन माणसं एकत्र हसतानाचा जेमतेम एका सेकंदाचा आवाज ९६६ लोकांना ऐकवला आणि विचारलं, हे दोघे मित्र आहेत की अनोळखी? भाषा नाही, चेहरा नाही, तरी बहुतेक सगळीकडे लोकांचे अंदाज निव्वळ नशिबापेक्षा बरे निघाले, शंभरात साठेक बरोबर. फार नाहीत, पण एका सेकंदासाठी पुष्कळ. टॅव्हर्नातल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तर अख्खी संध्याकाळ मिळालेली असते. तुमचा गट मालकाबरोबर हसतोय की मालकावर, हे त्याला चांगलं कळतं.

आपल्या भाषेत या सगळ्याची उतरंड तयारच आहे. गंमत, मस्करी, थट्टा, फिरकी, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा. वरच्या पायऱ्यांवर दोघे हसतात, खालच्या पायऱ्यांवर एक. मधली चेष्टा मोठी फसवी. माणूस पाहून ती वर जाते किंवा खाली. बस सुटण्यापूर्वी मी मराठी गटाला एवढंच सांगते की फिरकीच्या खाली उतरायचं नाही. भाषण द्यावं लागत नाही, लोकांना लगेच कळतं.

परदेशी पाहुण्यांची गोष्ट थोडी वेगळी, कारण त्यांना शब्दांत घसरायला शब्दच नसतात. त्यांना मी गावाने हसण्यासाठी म्हणूनच राखलेल्या दिवसांना नेते. सांजांव, म्हणजे संत जॉनचा सण, २४ जून. डोक्यावर फुलापानांचं कोपेल, पावसाने भरलेल्या विहिरी, आणि त्यांत उड्या. नव्या जावयाला त्या दिवशी सासुरवाडीचं आमंत्रण असतं. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला अनारसे देतात, इथे विहीर दाखवतात. (पोहता न येणाऱ्याला आणि प्यायलेल्याला विहिरीच्या कठड्याजवळही उभं करू नका. हे हसण्यावारी नेऊ नका.) दिवाडी बेटावरचा बोंदेरां ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी. वाड्यांच्या हद्दींचे तंटे मिटवायला पोर्तुगीजांनी बावटे लावायला लावले, गावाने त्याच बावट्यांची मस्करी करून सण केला. बांबूच्या फोटाशीतून रानफळांच्या गोळ्या उडवतात. आमच्या माशेलचा चिखलकाला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात: अंगाला तेल आणि वर चिखल. त्या चिखलात कोण ब्राझीलचा आणि कोण बाणस्तारीचा, हे आईलासुद्धा ओळखता येणार नाही.

पण खरी परीक्षा पेडण्याच्या बाजूला दशावतारी काल्यात होते. नाटक सुरू होण्याआधीच्या आडदशावतारात संकासुर येतो. ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा असुर, काळा वेश, लांब लाल जीभ. आणि हाच सगळ्यांचा लाडका, कारण त्याला ठरलेली वाक्यं नसतात. समोर जो दिसेल त्याची तो फिरकी घेतो: सरपंच, मास्तर, नवा जावई. मी एकदा एका खूप उंच फ्रेंच पाहुण्याला पुढच्या रांगेत बसवलं. मुद्दाम. संकासुर आला, थबकला, त्याला खालून वर न्याहाळलं, पुन्हा वरून खाली, आणि देवस्थानच्या अध्यक्षांकडे वळून म्हणाला, याला इथेच उभा करून ठेवा, नवी दीपमाळ बांधायचा खर्च वाचेल. मांडव फुटला. मी पाहुण्याच्या कानात भाषांतर केलं. आधी देवळासमोरची दीपमाळ दाखवली, मग वाक्य सांगितलं. हा क्रम चुकला तर विनोद मेला. तो सेकंदभर गप्प राहिला. मग सावकाश उभा राहिला आणि दीपमाळेच्या हातांसारखे दोन्ही हात तिरपे वर पसरून तसाच थांबला. संकासुराने त्याच्या एका बोटावर फुंकर मारली, दिवा विझवल्यासारखी.

बारा-पंधरा सेकंदांचा हा खेळ. पण त्यानंतर रात्रभर पोरं त्याला खाजें आणून देत होती, आणि दुसऱ्या दिवशी गावातून जाताना एक म्हातारा म्हणाला, “ही बघा आमची दीपमाळ चालली.” आमची. संकासुराने निवडणं हा मान आहे, हे पाहुण्याला आधी समजावून सांगणं मात्र तुमचं काम. आणि कोणाला पुढे बसवायचं हेही. घटस्फोटाच्या दुःखातून बाहेर यायला आलेल्या माणसाला मी मागच्या रांगेत बसवते.

तियात्राबद्दल, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाबद्दल, थोडंच लिहिते, कारण तुमचे गट रात्री नाटकाला बसतील असं वाटत नाही. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत झाला, गोव्यात नाही. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या गोंयकारांचा तो कलाप्रकार. पडद्यांच्या मधे कांतारां, म्हणजे गाणी, होतात आणि त्यांत राजकारण्यांची सालटी निघतात. मडगावच्या रवींद्र भवनात मी एका नाशिककर कुटुंबाला घेऊन गेले होते. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्याची कोंकणी, वेग असा की मलाही कान टवकारावे लागतात. ते चौघे पहिला अर्धा तास प्रेक्षागृहापेक्षा एक क्षण उशिरा हसत होते, लोकांच्या मागून. मग आपण कशाला हसलो हे त्यांचं त्यांनाच कळेना, म्हणून पुन्हा हसायचे. मध्यंतरात शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी त्यांना आपल्या डब्यातला केक दिला आणि पुढच्या पडद्यांत दर कांतारानंतर वाकून अर्थ सांगत बसल्या. मला काम उरलं नाही.

स्वयंपाकघराचं सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. पातोळ्या आमच्याकडे नागपंचमीला करतात आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे मेरीमातेच्या सणाला. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, मधे चून म्हणजे गूळखोबरं, पान दुमडायचं, वाफवायचं. माझ्या मावशीच्या घरी एका जपानी बाईंना नेलं होतं. अतिशय शिस्तीच्या, प्रत्येक गोष्टीला मान लववणाऱ्या. मावशीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, आणि ती पाहुण्यांसमोर आणखी गप्प होते. पातोळ्या झाल्या, ताटलीत आल्या. बाईंनी दोन्ही हातांनी एक उचलली आणि पानासकट चावली. मी तोंड उघडणार तोच मावशीने माझ्या मनगटावर हात ठेवला. बाई चावताहेत, चावताहेत. हळदीचं पान म्हणजे दोरखंड. त्यांनी मावशीकडे पाहून नम्रपणे मान लववली, खूपच छान आहे अशी, आणि पुन्हा चावायला लागल्या.

मावशीने पदर तोंडाला लावला. तिच्या पिढीच्या बायका तशाच हसतात, दात दिसू न देता. मग तिने स्वतः एक पातोळी घेतली, पान अगदी सावकाश सोललं, बाईंना दिसेल असं वर धरलं आणि बाजूला ठेवलं. बाईंनी ते पान पाहिलं, आपल्या हातातलं अर्धं पान पाहिलं, आणि झटकन उजवा हात तोंडावर धरला. बोटं जुळवून, दात दिसू न देता. त्या दोघी समोरासमोर, एकीचा पदर आणि एकीचा हात, आणि दोघींचे डोळे वाहताहेत. मी चुलीपाशी उभी होते. इतक्या वर्षांत मी कोणाकोणाला काय काय समजावून सांगितलं असेल, पण इतकं तंतोतंत जुळलेलं काही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मावशीने अडवलं नसतं तर मी काय केलं असतं? “एक्स्क्यूज मी, पान काढून खायचं” असं सांगून मोकळी झाले असते. पाहुणीची फजिती वाचवली असती आणि दोघींचीही ती दुपार घालवली असती. कुठे थांबायचं हे गाइडला शिकवत नाहीत. पाहुण्याला इजा नाही, अपमान नाही, तर तीन सेकंद गप्प बसा. तीनच. पान गिळायला लागल्या असत्या तर मी नक्कीच बोलले असते.

आणि त्या क्षणी मोबाइल बाहेर काढू नका, पाहुण्यांनाही काढू देऊ नका. मावशीचा पदर कॅमेऱ्यासमोर लगेच खाली येतो, आणि हसणंही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: कशालाच न हसणारे. त्यांना सोडून द्या. काही माणसं शांत असतात, काहींना दुःख असतं, काहींना निव्वळ उन्हाचा त्रास होत असतो. त्यांना हसवायला जाणारा गाइड हा मला वाढत्या वयात सगळ्यात सहन न होणारा प्राणी आहे.

माझ्याकडे असाच एक पोलिश गृहस्थ होता, दिवाडीला एका घरात आठवडाभर उतरलेला. बायको वारल्यावर पहिल्यांदाच प्रवासाला निघालेला. जुन्या गोव्याची चर्चं, फोंड्याची देवळं, सगळं पाहिलं, सगळ्याला मान डोलावली, चेहऱ्यावर रेघ नाही. मी काही केलं नाही. फक्त सकाळी लवकर उठायची त्याला सवय होती, म्हणून घरमालकिणीने पाव घ्यायचं काम त्याच्यावर सोपवलं. सायकलवर टोपली, रबरी भोंपू, पों-पों करत पदेर, म्हणजे पाववाला, यायचा. पहिल्या दिवशी गृहस्थाने चार बोटं दाखवून चार पोयी घेतल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्याला उशीर झाला. तो फाटकाशी पोचेपर्यंत पदेर वळणावर गेला होता. हाक मारायला नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मोठ्याने ओरडला, “पों-पों!”

पदेर थांबला. मागे न वळताच त्याने भोंपू दोनदा दाबला. गृहस्थाने दोनदा उत्तर दिलं. मग तीनदा. समोरच्या घरातलं पोर दारात येऊन तेही ओरडायला लागलं. घरमालकीण सांगते, पदेर सायकल वळवून परत आला तेव्हा दोघेही हसत होते आणि पावाचे पैसे घ्यायचे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्या फाटकाशी पदेर दोनदा भोंपू वाजवायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. गृहस्थ आपल्या देशी परतला त्यालाही आता पाचेक वर्षं झाली. फाटकापाशी अजून दोनदा वाजतो, आणि उत्तर ते समोरचं पोर देतं.